डावी सहा, उजवी तीन

आबा, तुम्ही मला फसवलंत.

हे आधी लिहून मोकळी होते. तुमच्या दहाव्याला माणसं एकेक करून उठली आणि बोलली, की सिद्रामआबांनी उभ्या जन्मात कुणाला फसवलं नाही. मी मागं बायकांत बसले होते. मधेच उठायला लागले, तर पलीकडून आमच्या मालकांनी असे डोळे केले की परत बसले. पण बावीस वर्षं तुमच्याशी शेळ्यामेंढ्यांचे सौदे केलेली बाई मी. तुम्ही कुणाला फसवलं नाहीत, हे मला त्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत आहे. फक्त मला फसवलंत, तेही एकदाच, शेवटच्या बाजारी.

तुम्ही मला जिंकू दिलंत.

बाहेरच्याला यात काय वाईट ते कळायचं नाही. ज्या माणसानं बावीस वर्षांत मला एका बोटाची सूट दिली नाही, त्यानं एके दिवशी नुसती मान हलवून मी मागेन ते दिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढरं रात्री कोंडायच्या वाघुरीची जाळी सोडता सोडता तो खाली बसला तो उठलाच नाही. मी मात्र आदल्या दिवशी ऐटीत बोकड टेम्पोत चढवून सोलापूरला घेऊन आले होते. वाटेत मालकांना म्हणालेसुद्धा, "आज म्हातारा गार पडला." तो बोकड अजून माझ्या दारात आहे. गिऱ्हाइकं येतात, बघतात, भाव विचारतात. मी त्यांना हाकलून देते.

तुम्हाला आठवतं का, मी मंगळवेढ्याच्या बाजारात पहिल्यांदा उभी राहिले तो दिवस? माझ्याकडं तीन शेळ्या होत्या आणि भांडायची ताकद होती. लोकांच्या शेळ्या निम्म्या वाट्यानं राखून त्या तीन मी माझ्या केल्या होत्या. सौदा कसा होतो हे लांबून बघून माहीत होतं. दोघं समोरासमोर उभे राहतात, एकमेकांचा हात धरतात, वरून रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव करतात. तोंडानं एक अक्षर नाही. मीही हात पुढं केला. समोरचा व्यापारी असा मागं सरला, जसं काही मी त्याच्या अंगावर कुत्रं सोडलं.

तुम्ही खांद्यावर घोंगडं टाकून कडेला उभे होता.

"काय गं, नाव काय तुजं?"

"इंदू."

"इंदे, हात आत घे. भर बाजारात बाईच्या हातात हात देणारा हितं कोण मिळायचा न्हाय. मी बी देणार न्हाय."

"मग तोंडानं सांगते भाव."

"तोंडानं सांगितलास की फुटला. धा जण कान देऊन हायत."

"मग काय कपाळ बडवून घेऊ?"

"पदराआड बोटं दाखीव. मला दिसतील येवडीच. आन माज्या हाताकडं बघू नगंस. माज्या डोळ्यात बघ."

परक्या बाईला डोळ्यात बघ म्हणणारा माणूस कसला असतो, हे मला चांगलं माहीत होतं. मी चप्पल काढायला खाली वाकले. तुम्ही इतके हसलात की शेजारची शेळी बिचकली.

"चप्पल ऱ्हाऊ दे पायात. डोळ्यात काळ्याच्या मधी आनखी काळं असतं न्हवं, बाहुली? ती बघ. माणसाचं तोंड गप बसतंय, बाहुली बसत न्हाय."

तिथून माझी शाळा सुरू झाली, आणि तुम्ही ती फुकट चालवली नाहीत. प्रत्येक धड्यासाठी मी तुमच्याशी एकेक सौदा हरले. समोरच्याला एकाच उजेडात उभं करायचं, हे कळायला एक वर्ष गेलं. ऊन पडलं की बाहुली बारीक होते, सावली आली की मोठी होते, त्यात माणसाच्या मनाचा काही संबंध नसतो. मी ढगाला फसून दोन शेळ्या स्वस्तात घालवल्या, तेव्हा तुम्ही सांगितलंत. उजेड जागच्या जागी आहे आणि तरी काळं वाढलं, तर आत काहीतरी हललं असं धरायचं. मनातल्या मनात हिशेब करणाऱ्याचंही वाढतं, हाव सुटलेल्याचंही वाढतं. हिशेबाचं लगेच उतरतं, हावेचं टिकतं, हे सांगायला तुम्ही चार वर्षं लावलीत. चार वर्षं, आबा! मी मोजली आहेत.

तुमचे डोळे वाचायला मला त्याहून जास्त वेळ लागला. तुमची बाहुली हलायची, पण केसाएवढी. ती हलली की मी बोटं तिथंच धरायची आणि तुम्ही मान हलवायचा. आमचे मालक म्हणायचे, "त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत तू माझ्यापेक्षा जास्त बघितलंयस."

"तुमच्या डोळ्यांत भूक आणि झोप सोडून बघण्यासारखं काय आहे?" मी म्हणायची.

आणि नववी मेंढी. ती तुम्ही विसरला नसाल.

कोणीतरी नऊ मेंढ्या घेऊन आला होता. तुम्ही एकेकीच्या डोळ्यावर तळहात ठेवायचा, मनात दहा मोजायचा आणि एकदम उन्हाकडं डोळा उघडायचा. मेंढीची बाहुली आपल्यासारखी गोल नसते, दानपेटीला फट असते तशी आडवी असते. उन्हात ती फट काडीएवढी बारीक व्हायला पाहिजे. आठ मेंढ्यांची झाली. नवव्या मेंढीची उजवी फट मिटत आली, डावी तशीच राहिली, सताड उघडी.

"ही नगं," तुम्ही मेंढीवाल्याला म्हणालात. "हिच्या डोसक्यात रोग हाय. चार दिसांनी गोल गोल फिरंल आन पडंल."

मेंढीवाला भांडला. मेंढी धडधाकट होती, चारा खात होती. नंतर मी विचारलं, "डोळा दिसायला चांगला आहे, मग मिटत का नाही?"

"डोळ्याला काय झालंय? मिटायचा हुकूम आतनं येतोय. हुकूम देनाराच आजारी असंल तर डोळा काय करंल? त्यो नुसता सांगतोय."

पुढच्या वर्षी तशीच एक मेंढी माझ्याकडं आली. मी तळहात ठेवला, ओळखलं, आणि तिला लिंबाच्या दाट सावलीत नेऊन बांधलं, म्हणजे दोन डोळ्यांतला फरक कुणाला दिसू नये. विकलीसुद्धा. तुम्ही लांबून बघितलं होतंत.

"जा, ती मेंढी माघारी आन."

"मी कुठं खोटं बोलले? त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

"तुला दिसलं हुतं का न्हवतं?"

"दिसलं होतं."

"मग सांगायचं. दिसलेलं सांगितलं न्हाईस, की ते फसवनंच."

मी मेंढी परत आणली. तुम्हीही सोबत आला होता, येताना आख्ख्या रस्त्यात तुमच्याशी भांडले. "आणि समोरच्याच्या डोळ्यात तुम्हाला हाव दिसते, ती सांगता का त्याला? तेव्हा कुठं जातो हा नियम?"

तुम्ही घोंगडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलंत. मग म्हणालात, "हाव म्हंजी आजार न्हाय."

"अर्धा आजारच आहे."

हे भांडण आपलं कधी मिटलं नाही. दर दोन-चार बाजारांनी ते निघायचं. तुम्ही हरत आलात की सुपारी कातरायला घ्यायचा. मला वाटायचं, एक दिवस तुमच्याकडून कबूल करून घेईन. घाई काय आहे, म्हातारा कुठं जातोय?

मग ती आली.

डोळे तपासायची गाडी दर बाजारी यायला लागली, त्याला दोन वर्षं झाली. तीत श्रावणी होती. सोलापूरची पोर, घरी तेलुगू बोलणारी, बाप यंत्रमागावर टॉवेल विणणारा. चष्म्याचा नंबर काढायला तुम्ही आत गेलात. मी गाडीच्या दारापाशी एक हट्टी शेळी धरून उभी होते, त्यामुळं सगळं ऐकलं.

तिनं डोळ्यात बॅटरी मारली असणार, कारण तुमचा आवाज आला, "आगं पोरी, आदी सावली कर, मग उजेड मार. येकदम मारलास तर तुला काय कळनार?"

ती हसली. "ताता, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

ताता! तिच्या घरी आजोबाला ताता म्हणतात. आम्ही सगळे तुम्हाला आबा म्हणत आलो, आख्खा बाजार म्हणतो, आणि ही परवा आलेली पोर तुम्हाला ताता म्हणाली आणि तुम्ही लोण्यासारखे विरघळलात. त्या एका दुपारी दोन कप चहावर तुम्ही तिला सगळं सांगून टाकलंत. ऊन-सावली सांगितलीत, तळहात सांगितलात, नववी मेंढी सांगितलीत. हिशेबाची बाहुली आणि हावेची बाहुलीसुद्धा सांगितलीत. ती वहीत लिहून घेत होती. माझी चार वर्षं तिच्या वहीच्या पानभर जागेत मावली. मी शेळीचं दावं इतकं आवळलं की ती ओरडायला लागली.

त्या दिवसापासून तुम्ही बाजार कमी आणि गाडीची पायरी जास्त करायला लागलात. तिच्याकडं दुर्बिणीसारखं एक यंत्र होतं. ते डोळ्यांवर धरायचं, आत उजेड लुकलुकायचा आणि पडद्यावर रेघ उमटायची, बाहुली किती लवकर मिटली आणि किती सावकाश उघडली त्याची. तुम्ही ते बघून आलात की नवीन खेळणं मिळालेल्या पोरासारखे मला सांगायला यायचा.

"इंदे, मेंदूच्या देठात म्हनं येक निळसर ठिपका असतोय. डाळीच्या दाण्याएवडा बी न्हाय. माणूस किती जागा हाय, किती मन लावून हाय, त्यात त्येचा हात असतोय. त्यो चेतला की हिकडं बाहुली मोठी. आपन हितं उभं राहून त्या ठिपक्याशी सौदा करत हुतो की!"

"त्या ठिपक्याला आजचा भाव माहीत आहे का?" मी विचारलं. "असला तर त्यालाच शेळ्या विका."

"डोक्याला मार बसला, लई नशा केली, विसर पडायला लागला, तरी बाहुलीच्या मिटण्यात फरक पडतो म्हनं."

"मला हे किती वर्षांपासून माहीत आहे."

"तुला कुटं म्हाईत हुतं? मलाच म्हाईत न्हवतं."

तुम्ही खरं बोललात, म्हणून जास्त लागलं. तिनं तुम्हाला असं काही दिलं होतं, जे माझ्याकडं नव्हतं. मी तुमच्याकडून फक्त घेत आले. ती घेत होती आणि देतही होती. वरून बापाच्या मागावरचा जाड टॉवेलही दिला तिनं, हिरव्या काठाचा, सौद्याला वापरायला. तुमचा जुना रुमाल फाटला होता, तो मलाही दिसत होता. टॉवेल आणायचं मला का सुचलं नाही, याचा राग मी तुमच्यावर काढला.

तिनं मला तीन-चारदा बोलावलं. "मावशी, या ना, तुमचे पण डोळे मोजते. ताता म्हणतात, बाजारात सगळ्यात कठीण डोळे तुमचे."

मी गेले नाही. माझे डोळे बावीस वर्षं तुम्ही बघितले होते. ते दुसऱ्या कुणाला मापू द्यायचे नव्हते.

एकदा तिनं आतला पडदा तपासायला तुमच्या डोळ्यांत थेंब घातले. तुम्ही बाहेर आलात तेव्हा दोन्ही बाहुल्या एवढ्या मोठ्या, की तुम्हाला ऊन सोसेना. "आज सौदा न्हाय," तुम्ही हसत म्हणालात. "आज माजं दुकान सताड उघडं हाय, कुणी बी लुटंल." चार तास तसंच राहतं, असं ती म्हणाली. ते थेंब मी ध्यानात ठेवले. ठेवायला नको होते.

आता शेवटचा बाजार.

ज्वारी हुरड्यात आली होती. तुम्ही आठ दिवस आधी निरोप दिला होता, की तो काळा-पांढरा मोठा बोकड मलाच द्यायचा आहे, दुसऱ्या कुणाला दाखवणारही नाही. मी आले तर तुम्ही आधी गाडीत. थांबले. मग तुम्ही लिंबाखाली आलात, तोच टॉवेल खांद्यावर. मी समोर उभी राहिले आणि डोळ्यांत बघितलं. उजवी बाहुली नेहमीची होती. डावी मोठी, आणि डावी पापणी जराशी उतरलेली.

"आबा, डोळ्यात औषध घातलंय?"

"न्हाय गं."

"एकाच डोळ्यात घातलंय. मला वाचता येऊ नये म्हणून. तिनं शिकवलं का हे?"

"डोसकं दुखतंय सकाळधरनं. सौदा कर की."

"लाज नाही वाटत? या वयात, औषध घालून सौद्याला उभं राहायला?"

आजूबाजूची माणसं बघायला लागली. तुम्ही नुसता हात केलात, कर म्हणून. मी पदराआड बोटं दाखवली.

तेवढ्यात ती गाडीतून धावत आली. "ताता, चला ना! सोलापूरला न्यायला रिक्षा सांगितली आहे मी."

"सौदा चालू आहे," मी म्हणाले. "मधे बोलायचं नाही."

"मावशी, दोनच मिनिटं—"

"तुझ्या ताताला विचार. नियम त्यांचाच आहे. एकदा बोटं दाखवली की सौदा होईतो किंवा मोडेतो तिसऱ्यानं तोंड उघडायचं नाही."

तुम्ही तिला थांबवलंत. "थांब पोरी. इंदीचं उरकू दे."

ती बाजूला झाली. थोड्या वेळानं परत पुढं आली, तेव्हा मी तिला बोलू नये ते बोलले. "बापाचे टॉवेल विणायचे सोडून लोकांचे डोळे मोजत हिंडतीस. आता सौदे पण मोडणार का?" तिचा चेहरा पडला. ती मागं सरकली. मला बरं वाटलं. हेही लिहायचंच म्हणून लिहिते. मला फार बरं वाटलं.

आणि मग वारा सुटला. लिंबाची फांदी हलली आणि उन्हाचा एक तुकडा सरळ तुमच्या तोंडावर पडला. उजवी बाहुली मिटत आली. डावी तशीच राहिली.

नववी मेंढी.

पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ, आबा. तेवढ्या वेळात माझ्या मनात ती मेंढी येऊन उभी राहिली, तुमचा तळहात आला, दहा मोजणं आलं, 'डोळा नुसता सांगतोय' हे आलं. मग फांदी परत जागेवर आली आणि सावली झाली. मी स्वतःला सांगितलं, थेंबच आहेत, थेंबांनीही असंच होतं. आणि पदराआड एक बोट मिटलं, भाव तेवढा खाली आणला.

तुम्ही मान हलवलीत.

मी आणखी एक मिटलं. बावीस वर्षांत असं कुणी केलं असतं तर तुम्ही टॉवेल झटकून निघून गेला असता. तुम्ही परत मान हलवलीत. "घिऊन जा," म्हणालात. "चांगला हाय. सांबाळ."

मी टेम्पोत बोकड चढवला. वर चढताना मागं बघितलं, तर ती पोर तुमच्याशी भांडत होती. तुम्ही म्हणत असणार, मेंढरं वाघुरीत घालून उद्या येतो, कारण रानाकडं हात दाखवत होता. तिनं तुमचा हात धरला. भर बाजारात, दोन्ही हातांनी, घट्ट. तुम्ही तिच्या डोक्यावरून दुसरा हात फिरवलात, आपला हात सोडवून घेतलात आणि चालायला लागलात.

बावीस वर्षांत मी तुमच्या हाताला हात लावला नव्हता. घरापर्यंत माझ्या डोक्यात तेवढंच होतं. तुमचा डोळा नाही, तुमचं दुखणारं डोकं नाही. तिनं धरलेला तुमचा हात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या सुनेचा फोन आला.

दहाव्याला तिनं मला आत बोलावलं. तुमच्या पटक्याच्या घडीत एक चिठ्ठी सापडली होती. तुम्हाला वाचता येत नव्हतं, तिलाही येत नाही. बायकांत वाचता येणारी मीच जवळ होते. श्रावणीच्या अक्षरात होतं: डावी सहा, उजवी तीन. डावी उजेडाला मिटत नाही. पापणी उतरली आहे. डोकं दुखतं. आजच्या आज डोक्याची तपासणी करावी.

सहा म्हणजे सहा मिलीमीटर, दुप्पट. तिनं मोजून, आकडा टाकून लिहिलं होतं. मी न मोजता बघितलं होतं. दोघींना एकच दिसलं होतं.

ती मागच्या दारी धुण्याच्या दगडावर बसली होती. मी चिठ्ठी घेऊन गेले. तिनं सांगितलं, की डोळ्याच्या मागं मेंदूतली एखादी रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगते आणि बाहुलीकडं जाणारी नस दाबते. नस दबली की बाहुली उघडीच राहते. वाहिनी फुटायच्या आत गाठलं, तर कधी कधी माणूस वाचतो.

"आबा वाचले असते?"

"कदाचित, मावशी. सांगता येत नाही." मग तिनं तोंड झाकलं. "माझीच चूक आहे. मी ओरडायला पाहिजे होतं तेव्हा. मधे पडायला पाहिजे होतं. नियम कसला मानत बसले!"

"तुझी चूक न्हाय," मी ओरडले. राग आला की माझीही भाषा घरची होते. "तुझी कशी? तू कोन लागून गेलीस?"

तिला वाटलं, मी तिची समजूत घालते आहे. तिनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. मी समजूत घालत नव्हते, आबा. तुमची विद्या तिनं घेतली, टॉवेल तिनं दिला, हात तिनं धरला, आणि आता चूकसुद्धा तीच घेऊन चालली होती. चूक माझी आहे. बावीस वर्षं मी तुमच्यासमोर उभी होते, ती नाही. तेवढी तरी मी कुणाला देणार नाही.

हिरव्या काठाचा टॉवेल सुनेनं मला दिला. श्रावणी शेजारी उभी असताना मला दिला. मी झटकन घेतला, तिच्याकडं न बघता. घरी आल्यावर कळलं, की इतकं भांडून मला मिळालं ते तिच्याच बापानं विणलेलं आहे.

आता मी दर बाजारी म्हाताऱ्या व्यापाऱ्यांना धरते. "डोळ्यावर हात ठेवा, दहा मोजा, उघडा." माझं डोकं फिरलं असं काही जण म्हणतात. म्हणू देत. शंका आली की दंडाला धरून गाडीपाशी नेते, हो, हात लावते, काय व्हायचं ते होऊ दे. श्रावणी मोजते आणि मी त्यांच्या घरच्यांशी भांडते. ती अजूनही तुम्हाला ताता म्हणते आणि मला अजूनही ते आवडत नाही.

आणि आता आपलं भांडण, आबा. ते तुम्ही अर्धं टाकून गेलात.

नियम तुमचा होता. दिसलेलं सांगायचं. मला दिसलं होतं. मी सांगितलं नाही आणि बोट मिटलं. म्हणजे मी तुम्हाला फसवलं. हे मी तुमच्या दहाव्याला बोलू शकले नाही, म्हणून इथं चारचौघं वाचतील असं लिहिते. मी फसवलं.

पण त्या वेळी तुम्ही माझ्या डोळ्यांत बघत होता. उजव्या डोळ्यानं तुम्हाला अजून चांगलं दिसत होतं. उन्हाचा तुकडा तुमच्या तोंडावर होता, माझ्या नाही. मी सावलीत होते, एकाच उजेडात. माझी बाहुली हलली असणार. आतून एवढं काही हललं आणि ती हलली नाही, असं होत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. म्हणजे मला दिसलं आहे, हे तुम्हाला दिसलं. तुम्ही फक्त एवढं म्हणाला असता, "इंदे, कळलं न्हवं तुला?", तर मी बोकड तिथंच सोडून तुम्हाला पाठीवर घालून सोलापूरला नेलं असतं. तुम्ही मान हलवलीत. तुम्हीही सांगितलं नाहीत.

काय वाचलंत तेव्हा? भीती वाचलीत, आणि मी आणखी घाबरू नये म्हणून गप्प बसलात? का हाव वाचलीत, आणि हिला पाहिजे ते देऊन टाकू म्हणालात? तो बोकड बक्षीस आहे की शिक्षा? मी श्रावणीला विचारलं. तिनं पहिल्यांदा माझे डोळे मोजले, यंत्र लावून, आणि ती म्हणाली, "मावशी, यंत्र फक्त बाहुली किती मोठी झाली ते सांगतं. कशानं झाली, ते नाही सांगत."

ते सांगणारा एकच माणूस होता. त्या पोरीकडं हे उत्तर नाही, आणि तिच्याकडून मी ते घेणारही नाही. हे तुमच्याकडून येणं आहे. मी लिंबाखाली टॉवेल खांद्यावर घेऊन उभी आहे, आबा, आणि सौदा अजून चालू आहे. उत्तर द्या.